हौशाच्या डोळ्यांतलं काजळ

आधी चहा संपवा. हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, आणि ठसका लागला तर मला बोल नको.

आमच्या वैशालीची एक जुनी वही आहे. दोनशे पानी, वरून खाकी कव्हर घातलेली. नववीत असताना तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, संगीतानं, मिळून एक आपोआप चालणारं यंत्र केलं होतं, त्याची ही वही. घरी पाहुणे आले की वैशालीचे वडील ती कपाटातून काढतात. पाहुणे पानं उलटतात, मान डोलावतात. मग एका पानावर त्यांचं बोट थांबतं.

"अरे वा! यात वहिनीही आहेत की! तुमचाही हातभार लागला म्हणायचा!"

लागला ना. बोटभर लागला. कुठल्या रकान्यात आहे ते तेवढं विचारू नका. ओघात येईलच.

मी दहावीपर्यंत शिकलेली बाई. विज्ञानात पासापुरते मार्क, तेही शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या कृपेनं. आम्ही राहायला बावड्याला. एकोणीसशे नव्वदनंतरची गोष्ट. घरोघरी टीव्ही आले होते, पण कॉम्प्युटर आम्ही टीव्हीतच पाहिलेला. त्या वर्षी तालुक्याच्या, म्हणजे इंदापूरच्या, विज्ञान प्रदर्शनात यंत्रमानवांचा वेगळा विभाग ठेवला होता. 'यंत्रमानव म्हणजे माणसासारखाच दिसला पाहिजे असं नाही, स्वतःहून चालला म्हणजे झालं,' असं शाळेतल्या शिंदे सरांनी वर्गात सांगितलं. आमच्या दोघींनी लगेच हात वर केले. नंतर घरी येऊन विचारलं, "आई, बिस्किटाचा रिकामा डबा आहे का?"

झालं. माझा पोह्यांचा डबा गेला.

त्या डब्याला तीन चाकं बसली. बिघडलेल्या टेपरेकॉर्डरमधल्या दोन मोटारी इंदापूरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून आल्या. संगीतानं पुढं पुठ्ठ्याची दोन शिंगं चिकटवली आणि नाव ठेवलं हौशा. आमच्याकडं बैलांची नावं अशीच असतात. शिंगांच्या खाली दोन डोळे. हो, मुली त्यांना डोळेच म्हणायच्या. हरभऱ्याच्या डाळीएवढे, चपटे, वर नागमोडी रेघ. त्यांच्यावर उजेड पडला की मोटारी फिरायच्या. आपण पुढं बॅटरी दाखवत चालायचं आणि हौशानं गाईमागच्या वासरासारखं मागं यायचं.

"उपयोग काय ह्याचा?" मी विचारलं होतं.

"आई, रात्रीची लाईट आली की बाबा उसाला पाणी द्यायला, दारं धरायला जातात ना? हातात बॅटरी असतेच. खोरं, घोंगडी, डबा, सगळं मोठ्या हौशावर टाकायचं. तो येईल मागनं."

मला ते फार आवडलं. वैशालीच्या वडिलांना तर त्याहून. ते म्हणाले, "निदान हा हौशा वैरण तरी मागणार नाही."

पण संगीताच्या घरी वेगळंच चाललं होतं. त्यांची पूर्वी मेंढरं होती. आता मेंढरं जाऊन दीड एकर ऊस आणि चार शेळ्या राहिल्या होत्या. शाळा सुटल्यावर संगीता हौशापाशी थांबायची आणि शेळ्या ताटकळायच्या. एक दिवस तिचे वडील थेट आमच्या दारात आले.

"वैनी, ह्या डबड्यापायी शेरडं उपाशी ऱ्हात्यात. मी पोरीला सांगितलंय. इंदापुरातनं निवड झाली, तर म्होरच्या फेरीला बारामतीला जा. न्हाय झाली, तर शाळा सुटली की सरळ घरी. थांबणं बिंबणं सगळं बंद!"

संगीता खाली मान घालून उभी. तिचे आजोबा, तात्या, मागून म्हणाले, "म्या जातो तिच्यासंगं इंदापूरला. सोताच्या डोळ्यानं बघतो काय हाय ते." तात्यांची चाळीस वर्षं मेंढरांमागं गेलेली. बोलणं कमी, बघणं जास्त.

म्हणजे आमच्या वैशालीला बक्षीस हवं होतं, पण संगीताला हौशा चालायलाच हवा होता. हे मला पुरतं कळत होतं. तरी मी जे केलं ते केलं. म्हणून तर सांगतेय.

आता माझ्या काजळाबद्दल दोन शब्द ऐकून घ्या. स्वतःचं कौतुक नाही करत, पण आमच्या आळीत माझ्या काजळाला तोड नव्हती. तुपाचा दिवा, वर तांब्याची पालथी ताटली, जमलेली काजळी लोण्यात खलायची. असं बसायचं की पोराला दोनदा आंघोळ घातली तरी हलायचं नाही. बाळंतिणी डबी पाठवून मागवून न्यायच्या. आळीतलं एकही मूल माझ्या काजळाशिवाय वाढलेलं नाही, असं म्हटलं तरी चालेल.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्या माजघरात हौशाची शेवटची तालीम झाली. दारं-खिडक्या लावल्या. वैशालीनं बॅटरी धरली आणि हौशा मागच्या भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत तुरुतुरु गेला. शेजारच्या शालन वहिनी साखर मागायला आल्या होत्या. त्या दार ढकलून उंबऱ्यातच थांबल्या.

"अगं बया! कसं गुणी लेकरागत चालतंय! माझी तर नजरच हटंना!"

एकदा म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या, साखर घेऊन जाताना तिसऱ्यांदा म्हणाल्या. आणि कानशिलावर बोटं मोडायची असतात, ती मोडली नाहीत! एकदाही नाही! तुम्ही म्हणाल, काय बाई या! पण तीनदा कौतुक आणि एकदाही बोटं मोडायची नाहीत, याला काय म्हणायचं? शालन वहिनी मनानं वाईट नव्हत्या. नजर म्हणजे काही माणूस ठरवून लावतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुली आवरत होत्या. धूळ बसू नये म्हणून त्यांनी हौशाला टॉवेलमध्ये गुंडाळून दिवाणावर ठेवलं होतं. टॉवेलमधून दोन डोळे तेवढे बाहेर, टुकुटुकु बघतायत. न्हाऊ घालून बाळ निजवावं अगदी तसं. आता तुम्हीच सांगा, अशा लेकराला कुणी तसंच एसटीत घालून परगावी नेईल?

मी डबी उघडली. अनामिकेवर काजळ घेतलं आणि डाव्या डोळ्यात छान घातलं. बाळाला घालताना करतो तसं मी तोंडानं 'आ' सुद्धा केलं. उजव्या डोळ्याकडं वळणार, एवढ्यात दारातून वैशाली ओरडली.

"आई! गाडी लागली! चल ना!"

माझी धांदल उडाली. डबी पिशवीत टाकली, बोट केसांना पुसलं आणि निघाले. उजवा डोळा राहिला.

एसटीत संगीतानं हौशाला मांडीवर घेतलं होतं. टॉवेलातून शिंगं बाहेर आलेली. कंडक्टर म्हणाला, "ह्येचं हाफ काढायचं का फुल?"

"तीन वर्साच्या आतला हाय," तात्या गंभीरपणे म्हणाले. "फुकाट."

इंदापूरला ज्या शाळेत प्रदर्शन होतं, तिथं एका मोठ्या वर्गाच्या खिडक्यांना काळे कागद लावून अंधार केला होता. टेबलांच्या रांगा, मध्ये चालवून बघायला मोकळी जागा. आमच्या शेजारच्या टेबलावर पुठ्ठ्याचा पुरुषभर उंच माणूस उभा होता. पोटात टेप लावलेली. दर मिनिटाला तो म्हणायचा, "नमस्कार! मी यंत्रमानव आहे." सकाळपासून त्यानं तेवढंच सांगितलं.

मुलींनी हौशाला जमिनीवर ठेवलं. वैशालीनं समोर बॅटरी धरली. हौशा निघाला.

आणि उजवीकडं वळला. वळला तो वळतच राहिला. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन फेऱ्या. जागच्या जागी गोल! जणू कुणी त्याला तेलाच्या घाण्याला जुंपलाय! वैशाली बॅटरी घेऊन त्याच्या समोर जायला बघतेय आणि तो तिला पाठ दाखवतोय.

"काल तर सरळ चालत होता, सर!"

शिंदे सर गुडघ्यावर बसले. चाकं बघितली, तारा ओढून बघितल्या, सेल बदलले. हौशा पुन्हा गोल. सरांच्या कपाळावर घाम. शेजारून आवाज, "नमस्कार! मी यंत्रमानव आहे."

तात्या भिंतीशी उकिडवे बसून सगळं बघत होते. ते म्हणाले, "सर, ह्येचा डावा डोळा गेलाय."

"अहो तात्या, ते यंत्र आहे. मेंढरू नाही."

"म्या कुठं म्हनलो मेंढरू हाय? पर फिरतंय तसंच. एका डोळ्यानं आंधळं झालेलं मेंढरू असंच एका अंगानं फिरतंय. पार मरंस्तवर फिरतंय."

"ते मोटारीचं काहीतरी असणार," सर म्हणाले, आणि पुन्हा तारांत डोकं घातलं.

सरांनी ऐकलं नाही, पण मी ऐकलं. डावा डोळा! डाव्याच डोळ्यात तर मी...

बरोबर. तुम्हाला वाटेल, या बाईच्या आता डोक्यात प्रकाश पडला. पडला. फार मोठा पडला. मला वाटलं, अरेरे, एकाच डोळ्यात काजळ घालून लेकरू घराबाहेर काढलं! अर्धवट काजळ म्हणजे नजरेला दार उघडंच! शालन वहिनींच्या तिन्ही कौतुकांनी तिथूनच आत शिरून काम केलं. चूक माझीच.

बघा हं, निदान अगदी बरोबर होतं. चूक माझीच होती. उपाय तेवढा चुकला.

सर उठले. "कदाचित तारेच्या जोडाचा डाग सुटला असेल. ऑफिसातून डाग द्यायचा कहीया मागून आणतो. मुलींनो, चला, सेलही आणू. काकू, दोन मिनिटं इथं लक्ष ठेवा. कुणालाही हात लावू देऊ नका!"

"निर्धास्त जा, सर," मी म्हणाले.

आणि कुणालाही हात लावू दिला नाही. ते गेले, मी इकडंतिकडं बघितलं. तात्या पाणी प्यायला गेले होते. मी डबी काढली आणि राहिलेल्या उजव्या डोळ्यात काजळ घातलं. सकाळचं डाव्या डोळ्यातलं जरा फिकं वाटलं, म्हणून तिथं आणखी एक दाट हात दिला. शिंगामागं एक तीटही लावली. अंधारात कुणाला दिसणार? मनाला इतकं बरं वाटलं! वाटलं, आता शालन वहिनी काय, अख्खं इंदापूर येऊन बघो!

सर कहीया घेऊन आले. डाग बघितले, सगळे शाबूत. हौशाला पुन्हा खाली ठेवलं. वैशालीनं बॅटरी लावली.

हौशा उभा. ठार उभा. गोल फिरणंही बंद.

"आता तर हलतच नाही, सर!" वैशालीचा आवाज चिरकला.

"काही होत नाही गं," मी म्हणाले. "देवाचं नाव घे आणि परत लाव. आता चालेल बघ."

कसली खात्री होती मला!

तेवढ्यात परीक्षक आलेच. उंच, चष्मा, पांढरा शुभ्र शर्ट, हातात कागद. विचार करताना गालावर बोट ठेवायची सवय. शेजारच्या पुठ्ठ्याच्या माणसाचं दोनदा ऐकून घेऊन ते आमच्याकडं वळले.

"हं. दाखवा."

वैशालीनं बॅटरी दाखवली. हौशानं काहीच दाखवलं नाही.

"काल चालत होतं, सर."

"सगळ्यांचंच काल चालत असतं," ते शांतपणे म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहायला लागले.

मी संगीताकडं बघितलं. ती रडत नव्हती. ती त्या पेनाकडं बघत होती. ते पेन कागदावर टेकलं की तिची शाळेतली संध्याकाळ गेली, तिला पक्कं ठाऊक होतं. आमची वैशाली डोळे पुसायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तोच हात.

"सर, लिवू नका अजून," संगीता म्हणाली.

परीक्षकांनी वर बघितलं. शिंदे सरांनीही.

"मघाशी ह्यो उजवीकडं गोल फिरत हुता. आमचे तात्या म्हनले, एक डोळा गेला की मेंढरू असंच फिरतंय. आमचं तसंच हाय, सर. डावा डोळा उजवं चाक फिरवतोय आन् उजवा डोळा डावं. डावा डोळा मेला तर उजवं चाक थांबंल, डावं एकटंच फिरंल. मग गोल उजवीकडंच जाणार."

परीक्षकांचं पेन थांबलं. "बरं. मग आता का थांबला?"

"आता दुसरा बी गेला आसंल."

"किंवा मोटारी जळल्या असतील. किंवा सेल उतरले असतील. कशावरून डोळेच?"

संगीतानं वैशालीकडं बघितलं. तेव्हा वैशालीनं नाक ओढलं आणि पुढं झाली. तिनं डोळ्यांच्या तारा सोडवल्या आणि सेलच्या तारा थेट मोटारींना टेकवल्या. दोन्ही चाकं गरागरा फिरली.

"सेल चांगले आहेत, सर. मोटारी पण चांगल्या आहेत. राहिले ते डोळेच."

"दोन्ही डोळे एकाच दिवशी बिघडले? तेही एकामागून एक?" परीक्षक खाली वाकले. "हे तर फार टिकाऊ असतात. सहसा बिघडत नाहीत. यांच्यावर काही..."

त्यांनी हौशाच्या डोळ्यावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. ते त्यांनी बॅटरीच्या उजेडात धरलं. मग हळूच नाकाशी नेलं.

"हे... लोणी आहे का?"

मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागले. वनस्पतींच्या पेशींचा होता.

"आई," मागून वैशालीचा आवाज आला. अगदी हळू. "हात दाखव."

"कशाला गं?"

"दाखव."

लहानपणी शाळेत जाताना तिची नखं बघायला मी अशीच उभी करायची तिला. मी हात पुढं केला. अनामिका काळी कुळकुळीत.

"अगं, एकाच डोळ्यात राहिलं होतं सकाळी," मी म्हणाले. "एसटी आली ना... म्हणून आता दुसऱ्यात..."

पुठ्ठ्याच्या माणसाची टेपसुद्धा नेमकी तेव्हाच संपली होती.

सगळ्यात आधी तात्या बोलले. ते शिंदे सरांकडं वळून म्हणाले, "म्हंजी डावा डोळा गेलाच हुता न्हवं?"

संगीता पोट धरून हसायला लागली. आणि परीक्षक? त्यांनी चेहरा सरळ ठेवला, पण चष्मा काढून पुसायला घेतला. चांगला बराच वेळ पुसला. मग विचारात पडल्यासारखं गालावर बोट ठेवलं. तेच बोट.

"मी पुढची दोन टेबलं बघून येतो," ते म्हणाले. "तोवर काय करायचं ते करा."

सरांनी रुमाल काढला आणि डोळे पुसले. म्हणजे हौशाचे. काजळ पसरलं, निघालं नाही. कसं निघेल? माझं काजळ होतं ते! सर घासतायत, वैशाली घासतेय, डोळे आणखी काळे. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या काजळाचा राग आला.

"सरका," मी म्हणाले.

"आई, तू हात लावू नकोस!"

"ज्यानं घातलं त्यालाच काढता येतं. सरक."

मी पिशवीतला जेवणाचा डबा उघडला. ज्वारीच्या भाकरीचा मधला मऊ भाग काढला आणि त्यानं डोळा टिपला. भाकरी लोणी पिते, काजळ त्याच्याबरोबर येतं. लहान बाळाच्या कपड्यावरचे डाग मी असेच काढायची. एक तुकडा, दुसरा तुकडा. तिसऱ्या तुकड्याला नागमोडी रेघ दिसायला लागली. आख्खी दीड भाकरी गेली. ती तात्यांची होती.

परीक्षक परत आले. वैशालीनं तारा जोडल्या, बॅटरी धरली. हौशा क्षणभर थांबला. मग निघाला. सरळ. बॅटरी डावीकडं गेली, तो डावीकडं गेला. उजवीकडं गेली, तो उजवीकडं आला. शेवटी संगीतानं बॅटरी घेऊन ती परीक्षकांच्या बुटांपाशी नेली, आणि हौशा तुरुतुरु जाऊन त्यांच्या पायाला शिंगं लावून उभा राहिला.

"ते मेंढराचं कुणी सांगितलं म्हणालीस?" परीक्षकांनी विचारलं.

"म्या," तात्या उठून उभे राहिले.

परीक्षकांनी त्यांना नमस्कार केला. मग मुलींना म्हणाले, "इथं बऱ्याच जणांचं यंत्र चाललं. पण बंद का पडलं हे विचारलं असतं, तर किती जणांना सांगता आलं असतं कोण जाणे. हे सगळं वहीत लिहून काढा. बिघाड काय, कारण काय, उपाय काय. काही वगळू नका."

शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडं बघून म्हटलं, असं मला वाटलं. वैशाली म्हणते, वाटलं नाही, तसंच होतं.

संध्याकाळी पटांगणात निकाल वाचायला तेच उभे राहिले. पांढरा शुभ्र शर्ट, आणि डाव्या गालावर छान गोल, काळीभोर तीट! माझ्या शेजारी शिंदे सर.

"काकू, त्यांना सांगायला हवं का हो?"

"निकाल वाचून होऊ दे, सर," मी म्हणाले.

दुसरंच नाव आमच्या शाळेचं आलं. बारामतीला निवड! संगीतानं इतक्या जोरात उडी मारली की हौशाचं एक शिंग पडलं. परीक्षकांनी सगळ्यांशी हात मिळवले, फोटो काढले, पाहुण्यांबरोबर चहा घेतला. कुणीही त्यांना काही सांगितलं नाही. तशी काळजी नव्हती. अख्ख्या इंदापुरात त्या दिवशी त्यांना कुणाची नजर लागणार नव्हती.

महिन्याभरानं बारामती. तिथं संगीताचे वडीलही आले. 'बघू तरी' म्हणत आले आणि कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे राहिले. वैशालीनं त्यांच्या हातात बॅटरी दिली.

"काका, तुम्ही चाला."

"म्या? आन् कुठं चालू?"

"कुठंही."

ते दोन पावलं चालले. हौशा दोन पावलं आला. ते वळले, तो वळला. ते मागं मागं सरकत अख्खा हॉल फिरले. "आरं, ह्यो तर पाठच सोडंना की! संगे, बघ गं, पाठच सोडंना!" बॅटरी परत द्यायला मात्र तयार होईनात. शेवटी दुसऱ्या शाळेच्या सरांना येऊन विनंती करावी लागली, की ह्या गृहस्थांना जरा बाजूला घ्या, परीक्षक खोळंबलेत.

तिसरा नंबर आला. शेळ्यांचं पुढं काय झालं विचाराल, तर त्यांच्यामागं तात्या जायला लागले. संगीता शाळेत थांबायची ती थांबतच राहिली, पुढं बारामतीला शिकायला गेली.

आणि मी? मी बारामतीला होते की. दारात मुलींनी माझी पिशवी तपासली. काजळाची डबी काढून घेतली आणि तात्यांकडं दिली. तात्यांनी ती मुंडाशात खोचली. दिवसभर मी हौशापासून चार टेबलं लांब, खुर्चीवर बसून होते. हात मांडीवर. दिसतील असे.

तर ती वही. परत आल्यावर शिंदे सरांनी मुलींना सांगितलं, या वर्षी काय काय चांगलं झालं ते एका पानावर लिहा, आणि काय बिघडलं ते दुसऱ्या. चांगल्याचं पान गच्च भरलंय. तात्यांचं मेंढरू त्यात पहिलं आहे. भाकरीसुद्धा आहे. माझा जीव सुखावला आणि मी पान उलटलं.

बिघाड, कारण, उपाय असे तीन रकाने. 'चाक घसरते. कारण: रबर झिजले. उपाय: सायकलच्या ट्यूबची पट्टी.' 'मोटार तापते. कारण: वजन जास्त. उपाय: शिंगे छोटी केली.' सगळं कसं व्यवस्थित. शेवटची ओळ वैशालीच्या अक्षरात आहे.

'दोन्ही डोळे बंद. कारण: आई.'

उपायाचा रकाना कोरा सोडलाय. आणि त्याच्यापुढं सरांनी लाल शाईनं 'बरोबर'ची खूण केली आहे.